कुष्ठ नव्हे, पेव

मोनियर-विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश (१८९९) हाताशी असलेल्या विद्यार्थ्याने त्यात ‘कुष्ठ’ हा शब्द एकदा काढून पाहावा. रोगवाचक अर्थ आपल्या परिचयाचा आहे. पण त्याच शब्दाचा वनस्पतिवाचक अर्थ देताना कोशकाराने ‘कॉस्टस स्पेसिओसस किंवा अरेबिकस’ असे लॅटिन नाव दिले आहे, आणि तक्मन् नावाच्या तापावरचा उपाय म्हणून ही वनस्पती अथर्ववेदात येते, असेही नोंदवले आहे. विद्यार्थी चिकाटीचा असेल तर तो पुढे एखादा वनस्पतिकोश उघडील आणि ‘कॉस्टस स्पेसिओसस’पुढे त्याला मराठी नाव सापडेल : पेव. म्हणजे अथर्ववेदातील ऋषीने जिला औषधींमध्ये श्रेष्ठ म्हटले ती वनस्पती म्हणजे कोकणात ओढ्याकाठी, आंब्या-फणसाच्या सावलीत श्रावण-भाद्रपदात पांढरे फूल घेऊन उभी राहणारी आपली पेव, असा निष्कर्ष दोन कोशांच्या मदतीने सहज निघतो. तो चुकीचा आहे. आणि चूक विद्यार्थ्याची नाही.

ही चूक कशी घडत गेली हे पाहण्यासारखे आहे. आपण एखादे रोप परसात लावतो आणि त्याला नाव देतो, तेव्हा ते नाव कोठून आले हे सहसा विचारत नाही. पेवाच्या बाबतीत हा प्रश्न विचारला की दोन हजार वर्षांचा व्यापार, गोव्यातला एक छापखाना, मलबारातले वैद्य आणि युरोपातली लॅटिन एवढे सगळे सावलीतल्या त्या एका वाफ्यात येऊन उभे राहते.

आधी सूक्ताकडे पाहू. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातील चौथे सूक्त कुष्ठाचे आहे. एकोणिसाव्या कांडातील एकोणचाळिसावेही. पाचव्या कांडातला कुष्ठ पर्वतावर जन्मतो, उत्तरेकडे हिमवंतावर त्याचे जन्मस्थान आहे, आणि तेथून तो पूर्वेकडच्या लोकांकडे नेला जातो. कवीच्या कल्पनेतील स्वर्गातील अश्वत्थ आणि सोन्याची नाव बाजूला ठेवली तरी दोन गोष्टी उरतात : ही वनस्पती हिमालयातल्या उंच भागातली आहे, आणि ती जिथे वापरली जाते तिथे उगवत नाही, आणावी लागते. पेवाला यांतले काहीच लागू पडत नाही. पेव हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जाते हे खरे, पण ते दमट, उबदार सावलीचे झाड आहे. बर्फाशी त्याचा संबंध नाही. सूक्तातला कुष्ठ म्हणजे काश्मीर आणि आसपासच्या उंच डोंगरउतारांवर वाढणारी, सूर्यफुलाच्या कुळातली, जाड सुगंधी मुळाची वनस्पती. आजचे तिचे शास्त्रीय नाव सॉसुरिया कॉस्टस. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात ‘कोष्ठ’ किंवा ‘उपळेट’ म्हणून मिळते ते हिचेच मूळ. पेव मात्र आले-हळदीच्या गोतावळ्यातले. दोघांत साम्य एवढेच की दोघांचाही उपयोगी भाग जमिनीखाली असतो.

मग एकाचे नाव दुसऱ्याला कसे चिकटले? नाव प्रवासाला निघाले, पण वनस्पती निघाली नाही, हे त्याचे मूळ कारण. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात सिंधूच्या मुखावरच्या बार्बरिकम् बंदरातून आणि भरुकच्छाहून निर्यात होणाऱ्या मालाच्या यादीत ‘कोस्तोस’ आहे. संस्कृत कुष्ठ, ग्रीक कोस्तोस, लॅटिन कॉस्टस अशी ही वाट. रोमच्या बाजारात पोचत होते ते वाळलेले, खरवडलेले मूळ. त्याला पाने कशी असतात, फूल कोणत्या रंगाचे असते, हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्याला त्याची गरज नव्हती. डायोस्कोरिडीसने या मुळाचे अरबी, भारतीय आणि सीरियन असे तीन प्रकार सांगितले. हे तीन प्रकार वनस्पतीचे की तीन पेठांचे, ही शंका पुढे पंधराशे वर्षे कुणी फारशी घेतलेली दिसत नाही.

ज्याने ती घेतली तो गोव्यात राहत होता. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. त्याचा ‘कोलोकियूश’ हा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी हे एक. (साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ केवळ त्याच्या रूपासाठीही पाहावा. एक बोलतो तो स्वतः ओर्ता, दुसरा युरोपातून नुकताच आलेला, पुस्तकांवर विसंबणारा काल्पनिक विद्वान. अनुभव आणि ग्रंथप्रामाण्य यांचे भांडण त्याने दोन पात्रांत वाटून दिले आहे.) कॉस्टसवरच्या संवादात ओर्ता सांगतो की हे मूळ एकाच प्रकारचे आहे, तीन प्रकार नाहीत, आणि गुजरातेत त्याला ‘उपलोट’ म्हणतात. त्याने व्यापाऱ्यांना विचारले, भाषांतली नावे ताडून पाहिली. पण त्याच्याही हाती आले ते मूळच. ते ज्या डोंगरांत उगवते तिथवर तो गेलेला नव्हता. त्याच्या गोव्यात दर पावसाळ्यात पेव उगवत होते, त्याचा आणि कॉस्टसचा काही संबंध आहे असे त्याला वाटले नाही. कारण तो संबंध अजून निर्माण व्हायचा होता.

पेवाला ग्रंथात मानाची जागा मिळाली ती मलबारात. डच कंपनीचा तिथला प्रमुख हेन्द्रिक व्हान रेडे याने तयार करवलेला ‘होर्तुस मलबारिकुस’ बारा खंडांत १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅमला प्रसिद्ध झाला. इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य यांच्या ज्ञानावर तो उभा आहे. या तिघांचे १६७५ सालचे नागरी लिपीतले प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात जसेच्या तसे छापलेले आहे. अकराव्या खंडात पेवाचे चित्र आहे. त्याचे शीर्षक मल्याळम् नावाचे, ‘चण्णक्कूव’चे डच कानांनी ऐकलेले रूप. म्हणजे सतराव्या शतकात ही वनस्पती युरोपीय वाचकापुढे गेली ती तिच्या गावच्या नावाने. अकरावा खंड निघाला तेव्हा व्हान रेडे जिवंत नव्हता. १६९१ साली मुंबईच्या आसपास समुद्रावरच त्याचा मृत्यू झाला आणि सुरतेला त्याचे दफन झाले.

पुढचे पाऊल लिनियसचे. १७५३ च्या ‘स्पेसिएस प्लान्तारुम्’मध्ये त्याने ‘कॉस्टस’ नावाची प्रजाती केली आणि तीत एकच जाती ठेवली : अरेबिकस. कॉस्टस हे नाव प्राचीनांचे, अरेबिकस हे विशेषण डायोस्कोरिडीसच्या परंपरेचे. आणि ज्या झाडाला आज वनस्पतिशास्त्र कॉस्टस अरेबिकस म्हणते ते ना भारतातले, ना अरबस्तानातले. ते उष्ण कटिबंधीय अमेरिकेतले आहे. काश्मीरचे नाव, अरबस्तानचे आडनाव आणि अमेरिकेचा जन्म. हे निव्वळ अज्ञान होते असे मला वाटत नाही. ग्रीक-लॅटिन ग्रंथांतली जुनी, भारदस्त नावे नव्या झाडांना देऊन टाकणे ही लिनियसची पद्धतच होती. नावाचा मूळ धनी कोण, यापेक्षा नाव सुटसुटीत आणि अभिजात आहे ना, याला तो अधिक जपे. परंतु या उदारपणाची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी द्यावी लागते.

पेवाचे म्हणाल तर, लिनियसचा शिष्य योहान केनिग तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला होता. त्याने १७८३ साली त्याला ‘बँक्सिया’शी मिळतेजुळते एक नाव देऊन ‘स्पेसिओसा’, म्हणजे देखणी, असे विशेषण लावले. प्रजातीचे नाव टिकले नाही, विशेषण टिकले. १७९१ साली इंग्लंडमध्ये जेम्स एडवर्ड स्मिथने तिला कॉस्टस प्रजातीत नेले आणि ‘कॉस्टस स्पेसिओसस’ हे नाव रूढ झाले. कलकत्त्याला याच सुमारास विल्यम जोन्स अगदी उलट दिशेने विचार करीत होता. भारतीय वनस्पतींना त्यांची भारतीय नावेच द्यावीत, लिनियसला संस्कृत येत असते तर त्यानेही तेच केले असते, असा त्याचा आग्रह होता. पेवाला कॉस्टस म्हणणाऱ्यांनी एका परीने जोन्सचे ऐकले असेच म्हणावे लागेल : नाव संस्कृतच दिले, फक्त दुसऱ्याचे.

१८४० च्या दशकात ह्यू फाल्कनरने काश्मीरमधील त्या मुळाची वनस्पती प्रत्यक्ष पाहून, प्राचीनांचा कॉस्टस हाच, असे लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडले. गव्हर्नर जनरल ऑक्लंडच्या नावावरून त्याने तिला ‘ऑक्लंडिया कॉस्टस’ म्हटले. वनस्पतिशास्त्रापुरता प्रश्न तिथेच मिटला होता. पण नामकरणाच्या नियमाप्रमाणे प्रजातीचे नाव काही परत मागता येत नाही. आणि संस्कृतच्या अभ्यासकांपर्यंत ही वार्ता पोचली नाही, किंवा पोचूनही त्यांनी मनावर घेतली नाही. फाल्कनरनंतर अर्धशतकाने मोनियर-विल्यम्सचा कोश नव्या रूपात निघाला आणि त्यात कुष्ठापुढे पेवाचे नाव कायम राहिले. सूक्तात हिमवंत आहे, हे कोशकाराला ठाऊक असणारच. मला वाटते, कॉस्टस आणि कुष्ठ यांचे ध्वनिसाम्य इतके पटण्याजोगे होते की झाड पाहण्याची निकड कुणाला भासली नाही. शब्दव्युत्पत्ती खरी होती. ती झाडाला लागू नव्हती एवढेच.

आजही अनेक सूचींत पेवापुढे ‘संस्कृत : कुष्ठ’ असे छापलेले आढळते. याचा परिणाम केवळ भाषिक नाही. सॉसुरिया कॉस्टसचे मूळ औषध आणि सुगंधासाठी इतके खणले गेले की १९८५ पासून ती वनस्पती वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे. अशा वेळी एकाच नावाखाली दोन मुळे नांदू लागली, तर कोणते मूळ कुणाच्या काढ्यात गेले हे सांगणे अवघड होते. पेवाच्या कंदाचे गुण वेगळे आहेत; त्यात डायोस्जेनिन हे संप्रेरकांच्या निर्मितीत कच्चा माल म्हणून लागणारे द्रव्य असते, आणि १९७० च्या दशकात त्यासाठी त्याच्या लागवडीचा आपल्याकडे विचारही झाला. पेव काही कमी प्रतीचा कुष्ठ नव्हे. तो कुष्ठच नव्हे. आयुर्वेदाचे आधुनिक अभ्यासक पेवाची ओळख ‘केमुक’ किंवा ‘केबुक’ या नावाशी जुळवतात. हिंदीतल्या ‘केऊ’, ‘केवकंद’ या नावांशी ते जुळतेही.

मराठीत या झाडावर आणखी एक गुंता आहे. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. एखाद्या गोष्टीचा अचानक सुळसुळाट झाला की तिचे पेव फुटते. पहिल्या सरींबरोबर जिकडेतिकडे पेवाचे कोंब वर येतात, त्यावरून हा वाक्प्रचार आला, असे रानवाटा दाखवणारी मंडळी मोठ्या प्रेमाने सांगतात. कल्पना सुंदर आहे आणि मला ती मान्य नाही. मोल्सवर्थच्या कोशात पेंव म्हणजे जमिनीखालचे धान्याचे कोठार. देशावर कोरड्या, टणक जमिनीत आडासारखा खड्डा खणून, आतून कडबा लावून ज्वारी भरून ठेवीत आणि तोंड दगडमातीने लिंपून टाकीत. असे पेव फुटले म्हणजे आतले धान्य एकदम बाहेर. ज्या सोलापूर-विजापूरकडे पेवाचे झाड शोधून सापडायचे नाही, तिथेही हा वाक्प्रचार घरचाच आहे. मात्र एक कबूल केले पाहिजे. आज या शब्दप्रयोगात जी नकोशा वाढीची छटा आहे, ती धान्याच्या कोठाराची नव्हे. धान्य बाहेर आले तर लोक आनंदतील. कोकणातल्या कानांनी या वाक्प्रचारात झाडाचे कोंबही ऐकले असतील आणि अर्थाला तो रंग त्यांनी दिला असेल, तर त्यात नवल नाही. येथेही दोन नावे एकमेकांवर पडली. फरक इतकाच की या वेळी कुणी कुणाचे काही हिरावून घेतले नाही.

असो. आता सावलीतल्या वाफ्याकडे. ज्यांच्या अंगणाला किंवा इमारतीच्या मागच्या पट्टीला ऊन मिळत नाही, त्यांची तक्रार ठरलेली असते : इथे काही येत नाही. मग रोपवाटिकेतून परदेशी पानशोभेची झाडे आणली जातात. अशा जागेसाठी आपल्या रानाने कधीचीच सोय करून ठेवली आहे. पेव हे बहुवर्षायू. आयुष्य त्याचे कंदात, वरचा भाग वर्षाला नवा. मे महिन्याच्या अखेरीस, वळवाचा एखादा पाऊस झाल्यावर, डोळे असलेले कंदाचे तुकडे आडवे ठेवून त्यांवर दोन-तीन इंच माती ओढावी. मातीत पालापाचोळा कुजवून मुबलक घालावा. रानात त्याला हेच मिळते. ताज्या शेणखताचा अतिरेक नको. कंद मिळाला नाही तर पावसाळ्यात जाड खोडाचे पेरांसह तुकडे ओलसर वाळूवर आडवे ठेवले तरी पेराशी मुळे फुटतात.

मग आषाढात कोंब वर येतात आणि झाड आपली खूण दाखवते. आले-हळदीची पाने खोडाच्या दोन बाजूंना, समोरासमोरच्या दोन रांगांत असतात. पेवाचे तसे नाही. एकेक पान आधीच्या पानापासून थोडे सरकून, खोडाभोवती वळसे घेत वर चढते आणि खोडही त्याबरोबर वळते. वरून पाहिले की चक्री जिना. पानाच्या खालच्या बाजूने बोट फिरवावे, रेशमी लव लागते. चांगल्या जागी झाड पुरुषभर उंच होते, कधी त्याहूनही. श्रावणापासून शेंड्यावर गडद तांबड्या सहपत्रांचा कणसासारखा गुच्छ तयार होतो आणि त्यातून एका वेळी एखादे-दुसरेच फूल बाहेर येते : पांढरे, मध्यभागी पिवळसर झाक असलेले, कडेला चुरगळलेल्या मलमलीसारखे. आपण जिला पाकळी समजतो ती पाकळी नव्हे. वांझ पुंकेसर एकत्र जुळून झालेला तो ओठ आहे. फूल एका दिवसाचे असते. दुसऱ्या दिवशी त्याच कणसातून दुसरे येते आणि हा क्रम भाद्रपद-आश्विनापर्यंत चालतो. फुले संपली तरी कणीस लाल राहते, आणि फळ उकलले की काळ्या बिया पांढऱ्या गराला चिकटलेल्या दिसतात. कणसावर मुंग्यांची ये-जा असते. ती घालवण्यासाठी औषध फवारू नये. सहपत्रांवर पाझरणाऱ्या मधुरसासाठी त्या येतात आणि झाडाचे त्यात नुकसान नाही.

सावलीचेही प्रकार असतात, हे मात्र ध्यानात घ्यावे. दाट फणसाखाली, जिथे दुपारीही अंधारल्यासारखे वाटते, तिथे पेव जगते, पाने देते, पण फुलायला कुरकुरते. सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि नंतर सावली अशी जागा मिळाली तर ते खरे खुलते. आमच्याकडे पूर्वेच्या कुंपणाशी लावलेले फुलते आणि विहिरीमागचे नुसतेच वाढते. ते पसरते हेही सांगितले पाहिजे. एका जागी तीन-चार वर्षे राहिले की शेजारच्या वाफ्यात डोके काढते, तेव्हा कंद खणून कमी करावे लागतात. हवाईसारख्या बेटांवर शोभेसाठी नेलेले हेच झाड बागांबाहेर पडून तिथल्या रानात शिरले आहे. ‘देशी’ हा शब्द झाडाचा गुण सांगत नाही, जागेशी असलेले नाते सांगतो; येथला देशी तिथला घुसखोर.

बाजारात मात्र हा शब्द उलटाच चालतो. रोपवाटिकांत अमेरिकेतल्या तांबड्या-पिवळ्या कॉस्टसच्या जाती ‘कॉस्टस’ म्हणून कुंड्यांतून मांडलेल्या असतात, त्यांना बरा भाव येतो. आणि त्याच रस्त्याच्या कडेच्या चरात उगवलेले पेव पावसाळी तण म्हणून कापून टाकले जाते. कुणी ते कुंडीत लावून विकलेच तर पाटीवर कॉस्टस असते. गंमत अशी की आता तेही नाव शास्त्राने काढून घेतले आहे. २००६ साली वंशावळीच्या अभ्यासातून आशियातल्या या जाती अमेरिकन कॉस्टसपासून वेगळ्या करून त्यांना ‘चाइलोकॉस्टस’ हे नाव दिले गेले, आणि पुढे अग्रक्रमाच्या नियमाने अठराव्या शतकातले एक विस्मृत नाव पुन्हा पुढे आले : आज हे झाड हेलेनिया स्पेसिओसा आहे. म्हणजे कुष्ठाचे नाव आता मुख्यतः अमेरिकेतल्या झाडांकडे उरले आहे. काश्मीरमधल्या वनस्पतीकडे ते दुसऱ्या पदात, कसेबसे आहे. पेवाकडे मुळीच नाही. कोशातली नोंद तेवढी जागच्या जागी आहे, आणि वर्गात ते पान उघडले जाते तेव्हा समासात पेन्सिलीने दुरुस्ती करून पुढे जावे लागते.

दिवाळीनंतर पेवाची पाने पिवळी पडू लागतात. घाबरून पाणी वाढवू नये, उलट तोडावे. पौषापर्यंत खोडे वाळून जातात, ती जमिनीलगत कापून तिथेच आच्छादन म्हणून पसरावीत. त्यानंतर मृगापर्यंत वाफा मोकळा दिसतो आणि बागेत नवीन काही लावण्याची हौस नेमकी त्याच महिन्यांत येते. म्हणून कंद जिथे आहेत तिथे एक काठी रोवून ठेवावी आणि तिला पाटी बांधावी. आमच्या पाटीवर दोनच अक्षरे आहेत.